सोसण्यासारखी थंडी

रंजना बोरस्ते शेडचा पडदाही न उचलता, नुसती दाराशी उभी राहून सांगायची, "पूर्वेच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढलीत." आत जाऊन पाहिलं तर तसंच असायचं.

शेड निफाडपासून अर्ध्या तासावर, गोदाकाठी. कोंबडीच्या पाच हजार पिल्लांची. एक दिवसाची पिल्लं आणि खाद्य कंपनीकडून यायचं. शेड, पाणी आणि राबणारे दोन हात रंजनाचे. नवरा गेला तेव्हा प्रांजल, तिची एकुलती मुलगी, जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. तेव्हापासून मायलेकींनी पिल्लांचे कितीतरी लॉट काढले. शेडमागे एक गाय आणि दोन शेळ्या. हिवाळा आला की रंजना गोणपाटं शिवून गाईला झूल करायची, शेळ्यांखाली वाळलेला पाला अंथरायची, आणि शेडचे पडदे इतपतच खाली सोडायची की वारा अडेल, पण खाली अंथरलेल्या तुसातला अमोनियाचा वास आत कोंडणार नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत आलं होतं. प्रांजल नऊ वर्षांची असताना एकदा पहाटे वीज गेली आणि उजाडल्यावर अकराशे पिल्लं एकाच ढिगात मेलेली सापडली. वरची थंडीने, खालची गुदमरून. दोघींनी ती घमेल्यांनी बाहेर काढली होती. त्या दिवशी प्रांजल शाळेत गेली नाही आणि जेवलीही नाही.

पुढे ती पशुवैद्य झाली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत प्राण्यांच्या आवाजांवर काम करू लागली. एका डिसेंबरात ती घरी आली ती माइकांची पेटी घेऊनच.

"आई, तुला जे ऐकू येतं ते मला यंत्राला शिकवायचंय."

"त्यात काय शिकवायचं? नीट कान दिला की कळतं."

"तेच. तुझा कान दे."

तीन आठवडे रंजना कानाला हेडफोन लावून ओसरीवर बसली. एकेक आवाज ऐकायचा आणि सांगायचं: हा भुकेचा, हा दाटीचा, हा नुसताच बोलतोय, हा थंडीचा. थंडीसाठी प्रांजलने स्क्रीनवर पाच बटणं केली होती. त्यांना नावं मात्र रंजनाने दिली. नाही. थोडी. सोसण्यासारखी. बोचरी. जीवघेणी.

विज्ञान तसं सरळ होतं. अंड्यातून आल्यावर पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते; पुढेही पिसं भरेपर्यंत थंडी झोंबतच राहते. गारठा लागला की त्याच्या श्वासाची लय बदलते, गळ्यातल्या पातळ पडद्यांवरचा ताण वाढतो आणि आवाज वरच्या पट्टीत चढतो. शेडच्या छताला चौसष्ट माइक लावले, तर तोच आवाज प्रत्येकापर्यंत निरनिराळ्या क्षणी पोचतो. त्या किंचित फरकावरून पाच हजारांच्या कलकलाटातलं एकेक पिल्लू वेगळं काढता येतं. जोडीला पिल्लांच्या पायांची उष्णता टिपणारे कॅमेरे. हे सगळं एकत्र करून यंत्र शून्य ते शंभर असा एक आकडा द्यायचं; गारठा जास्त तसा आकडा मोठा. कागदावर त्याचं नाव होतं शीतक्लेशांक. शेडवर सगळे त्याला 'कुडकूड' म्हणत.

आवाज टिपणं यंत्राला जमलं होतं. त्या आवाजाचा अर्थ मात्र रंजनाच्या कानातून आला होता. आणखी चौघांचे कान घेऊन पाहिले, पण चुका वाढल्या.

पहिल्या हिवाळ्यात कुडकुडीने कमाल केली. निफाडची थंडी आता पूर्वीसारखी पायरीपायरीने उतरत नव्हती. अर्ध्या डिसेंबरात पंखे लावावे लागत, आणि मग एके दिवशी पहाटे द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठलेलं दिसे. त्या गोठलेल्या पहाटे रंजना उठून शेडवर पोचायच्या आत गॅसचे हीटर आपोआप पेटलेले असत. पाच हजारांपैकी थंडीने एकही पिल्लू गेलं नाही. तिने एक पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावून पाहिले. गरम होते. फोनवर ती प्रांजलला एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला दाखवायला पाहिजे होतं गं."

दोन वर्षांत कंपनीने कुडकूड विकत घेतली, प्रांजललाही मोठ्या पदावर नेलं, आणि सहाशे शेडवर यंत्रं बसली. मग शेळ्यांचे वाडे, मग दूधवाल्यांच्या वासरांचे गोठे. करडांचं आणि वासरांचं रडणंही रंजनाला समजायचं. दर हिवाळ्यात माइकांवर दव धरतं, पिल्लांची जात बदलते, पंख्यांचा आवाज बदलतो, आणि यंत्राचा काटा हळूहळू सरकतो. तराजूचा पासंग काढावा तसा तो रोज सरळ करावा लागे. त्यासाठी रोज सकाळी रंजनाच्या मोबाइलवर दोनशे आवाज येत. चहा घेता घेता ती बटणं दाबायची, आणि दुपारपर्यंत सहाशे शेडमधलं यंत्र तिच्या कानाबरहुकूम सरळ झालेलं असायचं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर देवकर आला. हा कंपनीचा सुपरवायझर, मूळचा येवल्याचा. स्वभावाने वाईट नव्हता. त्याने हीटरच्या खोक्यात सर्किटची नवी पट्टी बसवली आणि बाहेरचं बटण काढून टाकलं.

"मावशी, आता हीटर तुम्ही चालू-बंद करायचा नाही. कुडकूड अठ्ठावन्नच्या वर गेली की आपोआप लागेल, खाली आली की बंद होईल."

"अठ्ठावन्नच का?"

"गॅस कुठं मिळतोय आता? सगळ्यांना पुरवून वापरायचा तर कुठंतरी रेघ मारावी लागणार ना." त्याने मोबाइलवर एक आलेख दाखवला. "हे बघा. थंडीत पिल्लू आधी खाल्लेलं जाळतं, मग अंगातली चरबी. वाढ थांबते ती सगळ्यात शेवटी. अठ्ठावन्नपर्यंत वजनाला काहीच होत नाही. मरत तर नाहीच नाही."

"पण गारठतं ना?"

देवकरने खांदे उडवले. "ते तर दिसतंच आहे, मावशी. आकडाच आहे तिथं."

आकडा खरंच तिथं होता. शेडच्या दाराशी लाल अक्षरांत. छपन्न. सत्तावन्न. सत्तावन्न. मग खट् आवाज होऊन हीटर लागायचा, आकडा पन्नासवर उतरायचा, हीटर बंद व्हायचा, आणि पुन्हा चढण सुरू. पहिला आठवडा रंजनाने ते पाहिलं. पिल्लं मरत नव्हती. दाटीवाटीने बसायची, डोळे मिटायची आणि त्या एका वरच्या पट्टीत ओरडत राहायची. गाईच्या अंगावर झूल होती, शेळ्यांखाली पाला होता. त्यांना काय हवं नको ते रंजना ठरवत होती. शेडमध्ये तिला ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने कोळशाची शेगडी आत नेऊन ठेवली. दुसऱ्याच दिवशी देवकरचा फोन आला: जादा उष्णता यंत्राला दिसते, पुन्हा असं केलं तर लॉट बंद होईल.

तिने प्रांजलला फोन लावला.

"अठ्ठावन्न कुणी ठरवलं गं?"

"वरच्यांनी." प्रांजल जरा थांबली. "आई, एक तरी पिल्लू मेलं का?"

"नाही."

"मग? आठवून बघ, आधी किती मरायची."

"आधी थंडी लागली तर आपल्याला कळायचं नाही, म्हणून मरायची. आता कळतंय, आणि कळून आपण..."

"मला मीटिंग आहे. संध्याकाळी बोलते."

संध्याकाळी तिचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना नेहमीसारखी मोबाइल घेऊन ओसरीवर बसली. पहिला आवाज कुठल्याशा शेडमधला, पाच-सहा दिवसांच्या पिल्लांचा. तिचा अंगठा सवयीने 'सोसण्यासारखी'वर गेला, आणि तिथेच थांबला. सोसण्यासारखी कुणाला? हे नाव तिने ओसरीवर बसून, अंगावर शाल घेऊन दिलं होतं. पिल्लाला कुणी विचारलं होतं?

तिने 'बोचरी' दाबलं.

पुढच्या आवाजालाही एक पायरी वर. त्यापुढच्यालाही. 'थोडी' असेल तिथे 'सोसण्यासारखी', 'बोचरी' असेल तिथे 'जीवघेणी'. दोनशे आवाज तिने असे संपवले. दुपारी शेडच्या दारावरचा आकडा चाळीसचा साठ झाला, आणि हीटर लागला तो लागूनच राहिला. संध्याकाळी ती आत गेली तेव्हा पिल्लं तुसावर पसरून, पाय ताणून पडली होती. कलकलाट नव्हता. फक्त दाणे टिपल्याची बारीक टकटक होती. रंजना तिथेच उकिडवी बसली आणि बराच वेळ ती टकटक ऐकत राहिली. तिला ठाऊक होतं की या घडीला सहाशे शेडमध्ये, कुठल्या कुठल्या गोठ्यांत आणि वाड्यांत हेच चाललं असेल. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपण कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

बारा दिवस हे चाललं. तेराव्या दिवशी पहाटे उत्तरेकडचा वारा सुटला आणि पारा शून्याखाली गेला. रंजनाकडचा गॅस संपत आला होता, पण सकाळी सात वाजता कंपनीची गाडी येऊन नवी सिलिंडरं उतरवून गेली. सगळी पिल्लं जगली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळचं ऊन अंगणात उतरत असताना प्रांजलची गाडी दाराशी थांबली. ती न सांगता कधी येत नसे. तिने चपला काढल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"आई, तू बटणं चुकीची दाबत होतीस."

"चुकीची नाही. एक पायरी वर."

"का?"

"तुलाच विचार की. अकराशे पिल्लं तू पण उचलली होतीस माझ्याबरोबर."

प्रांजल ओसरीच्या पायरीवर बसली. तिचे डोळे सुजलेले होते. "सुरगाण्याच्या वरच्या पाड्यांवर नऊ शेड आहेत. नऊच्या नऊ गेल्या. एक्केचाळीस हजार पिल्लं. एका गोठ्यात सात वासरं."

रंजनाला क्षणभर वाटलं की आपल्याला ऐकू आलंच नाही. "तिथं गॅस नव्हता?"

"होता तो बारा दिवसांत जळला. नको असताना जळला. आणि गॅसच्या गाड्या कुडकुडीचा आकडा बघून निघतात, आई. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे आधी. त्या पहाटे सहाशे शेडचा आकडा एकच होता. नव्वदच्या वर. 'बोचरी'ची तू 'जीवघेणी' केलीस, आणि 'जीवघेणी'च्या वर बटणच नाही. खरोखर मरत होती त्यांचा आवाज वेगळा निघालाच नाही. मग गाड्या जवळच्या शेडपासून निघाल्या." ती आईकडे न बघता बोलत होती. "तुझ्याकडे आली होती ना गाडी?"

"सातला."

"तुझ्याकडे जीवघेणी नव्हती."

आत शेडमधून पिल्लांचा आवाज येत होता. रंजना भिंतीला टेकून खाली बसली. तिने विचारलं, "कंपनीला माहीत आहे?"

"मी सांगितलं, हेडफोनमध्ये ओल गेली होती."

"खोटं बोललीस?"

"तुझ्यासाठी." प्रांजल एकदम उसळली. "आणि तू कुणासाठी बोललीस? यंत्राला फसवायच्या आधी मला एकदा..."

"तुला फोन केला होता मी! अठ्ठावन्न कुणी ठरवलं म्हणून विचारलं होतं!"

 प्रांजल खालच्या आवाजात म्हणाली, "मी."

रंजना तिच्याकडे बघत राहिली.

"त्यांनी विचारलं, किती थंडीपर्यंत नुकसान होत नाही. ते मोजता येत होतं, मी मोजून दिलं. वरची हद्द म्हणून दिलं होतं, आई. कधीमधी, अगदीच गॅस नसेल तेव्हासाठी. त्यांनी ते रोजचं केलं. आणि मी..." तिने तोंडावरून हात फिरवला. "मी काही बोलले नाही."

 रंजनाला राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा हे समजेना. पंधरवड्यापूर्वी ते सोपं वाटलं असतं.

"यंत्र पुन्हा सरळ करायला लागेल," प्रांजल म्हणाली. "जुने आवाज चालणार नाहीत. तुलाच बसावं लागेल. पुढची लाट आठवड्याभरात आहे."

"बसते. पण आधी मला तिथं ने."

"कुठं?"

"सुरगाण्याला."

दुसऱ्या दिवशी दोघी घाट चढून वर गेल्या.  पाड्याच्या कडेला सोमीबाई भोयेची शेड होती, कुडाच्या घराला लागून, तीन हजार पिल्लांची. आता रिकामी. शेडमागच्या खड्ड्यावर चुना टाकलेला होता. चाळिशीची, काटक अंगाची सोमीबाई उन्हात बसून पिल्लांची पाण्याची भांडी राखेने घासत होती.

"कंपनीच्या का तुम्ही?" तिने विचारलं.

प्रांजल पुढे होणार तेवढ्यात रंजना म्हणाली, "मी निफाडची. माझीपण शेड आहे. तुमच्या पिल्लांचं जे झालं ते माझ्यामुळं झालं."

तिने सगळं सांगितलं. पाच बटणं, एक पायरी, गाड्या. सोमीबाईचा हात भांड्यावर फिरायचा थांबला.

"म्हणजे माझी ओरडत होती ते कुणाला वेगळं ऐकूच गेलं नाही."

"नाही."

"आणि तुमची?"

"जगली."

सोमीबाईने भांडं खाली ठेवलं. "मी सांगत होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दहा-बारा दिवस तो हीटर बंदच होईना. मी म्हटलं, एवढं कुठं गारठलंय, पिल्लं तोंड उघडून धापा टाकतायत, बंद हो की बाबा. पण बटण कुठं आहे आता? सिलिंडर रिकामं होताना मी बघत होते. मग ती थंडी आली. घरातल्या गोधड्या नेल्या, पोरीच्या अंगावरची नेली, पडद्यांना कुडाचे तट्टे लावले. नाही पुरलं." ती रंजनाकडे बघायला लागली. "तुम्हाला दया आली होती. मग आपल्या शेडवर करायची, बाई. माझी पिल्लं मला समजत होती."

रंजनाने हात जोडले. सोमीबाईने ते न पाहिल्यासारखं केलं.

"पुन्हा तुमचाच कान लावणार आहेत?"

"हो."

"मग खरं लिहा. आहे तेवढंच लिहा." एवढं बोलून तिने पुढचं भांडं ओढलं आणि राख घेतली. त्या निघाल्या तेव्हा तिने मान वर केली नाही.

परतताना घाटात प्रांजलने गाडी एका वळणावर थांबवली. "मी त्यांना पुन्हा सांगते, अठ्ठावन्न खाली आणा म्हणून," ती म्हणाली. "पन्नास. निदान पंचावन्न."

"ऐकतील?"

 प्रांजल म्हणाली, "गॅस खरंच नाहीये, आई." आणि गाडी पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना ओसरीवर बसली. शेजारी प्रांजल लॅपटॉप घेऊन; आज दाबलेलं प्रत्येक बटण थेट यंत्रात उतरत होतं. पहिले चाळीस आवाज सुरगाण्याच्या त्या पहाटेचे होते. रंजनाने प्रत्येक शेवटपर्यंत ऐकला. शेवटी शेवटी ओरडणंही नव्हतं. पाच-पाच सेकंदांनी एखादी बारीक चीं, आणि मागे एक बाई कुणाला तरी हाका मारत असल्याचा पुसट आवाज. 'जीवघेणी'. 'जीवघेणी'. 'जीवघेणी'. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. प्रांजल मध्येच उठून आत गेली आणि तोंड धुऊन आली.

एक्केचाळिसावा आवाज साधा होता. सपाटीवरची कुठलीशी शेड, पाच-सहा दिवसांची पिल्लं, एकमेकांना चिकटून बसलेली. रोजची थंडी. त्यांच्या हाका वरच्या पट्टीत होत्या, पण भेदरलेल्या नव्हत्या. एकसारख्या, न थांबता. कुणीतरी येईल याची खात्री नाही पण हाक मारायची सवय आहे, तशा. रंजनाला हा आवाज पुरता ओळखीचा होता. यात पिल्लू मरत नाही. वजन घटत नाही. चाळीस दिवस हे असंच चालू शकतं.

तिने हेडफोन एकदा काढले आणि पुन्हा लावले.

"आई?"

"ऐकतेय."

तिने आवाज परत पहिल्यापासून लावला. दुसऱ्यांदाही तो तोच होता. 'थोडी' नव्हती. 'बोचरी'ही नव्हती, आणि ती आहे असं म्हणायचा हक्क तिने घालवला होता. रंजनाने 'सोसण्यासारखी' दाबलं.

लॅपटॉपवर प्रांजल बघत होती तो काटा किंचित खाली आला. पन्नासाव्या आवाजापर्यंत आणखी खाली, शंभराव्यापर्यंत आणखी. अंगणापलीकडे खट् असा आवाज झाला आणि शेडमधला हीटर बंद पडला. जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक पिल्लू ओरडलं, मग दुसरं, मग सगळीच.

"अजून शंभर आहेत," प्रांजल हळू आवाजात म्हणाली.

रंजनाने मान हलवली आणि पुढचा आवाज लावला.